‘पुरे’ म्हणायला शिकताना

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत पैसा हा विषय फारसा येत नाही, आणि येतो तेव्हा बहुधा चोरीच्या वाटेने येतो. सातवी आज्ञा शिकवताना शिक्षिका कंपासपेटीतून नाहीशा होणाऱ्या पेन्सिलींचा दाखला देतात. दहाव्या आज्ञेपाशी शेजाऱ्याच्या मालमत्तेचा उल्लेख होतो न होतो तोच घंटा वाजते. उरलेल्या सहा दिवसांत मात्र त्याच मुलांना पैशाचे धडे देणारे गुरू पुष्कळ असतात. मोबाइलच्या पडद्यावरची जाहिरात शिकवते, चुलत भावाची नवी सायकल शिकवते, आणि जेवताना जागेच्या भावाची चर्चा करणारी घरची मोठी माणसे तर सर्वांत अधिक शिकवतात. हरवलेले नाणे, शेतात पुरलेला ठेवा, मौल्यवान मोती, सावकाराचे दोन ऋणको, कोठारे वाढवणारा धनिक, लबाड कारभारी, द्राक्षमळ्यातील मजूर! प्रभू येशूने ज्या विषयाला दाखल्यामागून दाखल्यात हात घातला, त्या विषयावर आपण मुलांशी इतके कमी का बोलतो, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे.

माझी सेवा बहुतांशी वसईच्या पट्ट्यात झाली. हा पट्टा एकेकाळी केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर जगत होता. माझ्या लहानपणी पैसा डोळ्यांना दिसत असे. पहाटेच्या गाडीने माल घेऊन मुंबईला गेलेला माणूस दुपारी परतला की घोंगडीवर नाणी आणि चुरगळलेल्या नोटा ओतल्या जात. त्यांचे ढीग होत : एक वाण्याच्या उधारीचा, एक खत-पेंडीचा, एक शाळेचा, एक लहानसा देवळाचा. मुले सभोवती बसून पाहत. कोणी उपदेश करीत नसे. परंतु प्रत्येक ढीग किती लवकर संपतो हे आम्हांला कळत असे.

१९८० नंतरच्या दोन-तीन दशकांत वाड्या विकल्या गेल्या, बावखले बुजवली गेली आणि त्या जागी इमारती आल्या. २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती. या बदलाविषयी याआधी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. मला दिसतो तो रविवारच्या वर्गातील बाक. त्या बाकावर एका टोकाला आजोबांच्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तीन सदनिकांचा वारस असलेला मुलगा बसतो, आणि दुसऱ्या टोकाला नगरकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबातली मुलगी बसते, जिची आई त्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करते. दोघांचे पुस्तक एक, शिक्षिका एक. ‘समाधानी असा’ हे वाक्यही दोघांना एकच. ते दोघांच्या कानांत सारखे पडते का?

सातवीच्या वर्गाला मी मंदिराच्या दानपेटीपाशी आलेल्या विधवेची गोष्ट शिकवतो, तेव्हा आधी विचारतो, ‘तिने किती टाकले?’ मुले सढळ हाताने अंदाज बांधतात. ‘शंभर.’ ‘पाचशे, फादर.’ मग आम्ही फळ्यावर गणित मांडतो. संत मार्क सांगतो की तिने दोन लेप्टॉन टाकले, आणि आपल्या रोमी वाचकांना कळावे म्हणून पुढे स्पष्ट करतो की दोन लेप्टॉन म्हणजे एक क्वाद्रान्स. असे चौसष्ट क्वाद्रान्स मिळून एक दिनार होत असे. आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून मुलांना ठाऊक असते. मी विचारतो, ‘आपल्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला दिवसाला काय मिळते?’ याचे उत्तर नेहमी बाकाच्या त्याच टोकाकडून येते, जिकडे ते घरात ठाऊक असते. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही सहाशे चाळीस धरतो. चौसष्टाने भागले की दहा उरतात. दहा रुपये! वेफरच्या लहान पुडीची किंमत.

या ठिकाणी वर्ग गप्प होतो. मुले आपापल्या खिशात दहाचे नाणे चाचपतात, कारण बहुतेकांपाशी ते असते, आणि वर्ग सुटल्यावर ते कोठे खर्च व्हायचे आहे हेही ठरलेले असते. जिच्याविषयी येशूने शिष्यांना मुद्दाम बोलावून सांगितले, ती बाई वेफरच्या पुडीएवढे देऊन गेली. मात्र मुलांच्या खिशातील दहा रुपये हे वरकड आहेत आणि तिचे दहा रुपये हे तिचे सर्वस्व होते, हा फरक समजावण्यासाठी मला फार बोलावे लागत नाही. एका वर्षी एका मुलीने तो माझ्याआधीच ओलांडला. तिने विचारले, ‘मग संध्याकाळी ती काय जेवली, फादर?’

वाचकहो, हा प्रश्न पोरकट नाही. १९८२ मध्ये अॅडिसन राइट या बायबलच्या अभ्यासकाने नेमका याच अंगाने एक लेख लिहिला. येशू या स्त्रीची स्तुती करतो आहे की तिच्यासाठी विलाप करतो आहे, असा त्याचा प्रश्न होता. त्याने बोट ठेवले ते आधीच्या आणि नंतरच्या ओळींवर. विधवा दानपेटीपाशी येण्यापूर्वी लगेच येशू अशा शास्त्र्यांचा धिक्कार करतो, जे लांबलचक प्रार्थनांचा देखावा करतात आणि विधवांची घरे गिळंकृत करतात. आणि ती निघून गेल्यावर लगेच, ज्या मंदिरासाठी तिने आपली उपजीविका वाहिली त्याचा दगडावर दगड राहणार नाही, असे तो सांगतो. राइट यांचे म्हणणे सर्व अभ्यासकांना मान्य आहे असे नाही. तिने आपल्यासाठी काहीही मागे ठेवले नाही, या तिच्या देण्यातील मोठेपणाकडे येशूचे लक्ष होतेच, असे मी मानतो. परंतु तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो : हा उतारा वर्गात वाचायचा तर विधवांच्या घरांविषयीच्या ओळीसह वाचायचा. चर्चच्या छपराच्या वर्गणीसाठी तर तो मुळीच वाचायचा नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. तो फळ्यावर लिहून ठेवला. पुढच्या रविवारी एका मुलाने सांगितले की त्याच्या आजीच्या मते शेजारणीने तिला जेवू घातले असणार. शुभवर्तमानात तसे काही नाही. पण आजीच्या काळच्या आळीत तसे झाले असते, यात मला शंका नाही.

आता समाधानाविषयी. एका धर्मग्रामात असताना रविवारच्या मिस्सानंतर एक बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबून राहिली. लोक पांगल्यावर म्हणाली, ‘फादर, रागावू नका. पण पोरगी मला म्हणती, आई, जास्तीचे पैसे मागू नको, आपल्याला समाधानी राहायला शिकवलंय. अन् तिकडं तीन वर्षं झाली, पगार आहे तेवढाच.’ मी म्हटले, ‘ताई, पगारवाढ अवश्य मागा. आणि पुढच्या रविवारी मुलीला घेऊन या, आपण तिघे बोलू.’ मुलीचा हेतू निर्मळ होता. तिने ऐकलेला शब्द घरी नेऊन जिथे बसेल तिथे बसवला. मुले असेच करतात. म्हणून तो शब्द त्यांच्या हाती देताना त्याचा पत्ताही सांगितला पाहिजे.

आपल्या मिळकतीत समाधान माना, असे शुभवर्तमानात कोण कोणाला म्हणतो? बाप्तिस्ता योहान म्हणतो, आणि तो सैनिकांना म्हणतो. ज्यांच्या हाती शस्त्र आहे, जे धाक घालून किंवा खोटा आळ घेऊन गरिबाकडून पैसे उकळू शकतात, त्यांना तो आपल्या पगारावर थांबायला सांगतो. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका असे बजावतो, आणि दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला लावतो. मजुराला तो काहीच म्हणत नाही. उलट ज्यांनी शेतमजुरांची मजुरी अडवून ठेवली आहे त्यांच्याविरुद्ध ती मजुरीच ओरडत आहे, असे संत याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात पोप लिओ तेरावे यांनी हे दोन धागे एकत्र आणले. काटकसरीने राहणाऱ्या, सरळमार्गी कामगाराचा निर्वाह होणार नाही इतकी कमी मजुरी असू नये, असे त्यांनी शिकवले. म्हणजे काटकसर कामगाराकडून अपेक्षिली आहे. परंतु ती त्याला कमी देण्याची सबब होऊ शकत नाही.

त्या मुलीशी बोलताना मी हे सर्व अर्थातच सांगितले नाही. तिला एवढेच विचारले की ताटात अर्धीच भाकरी वाढली आणि आईने ‘पुरे म्हण’ असे दटावले तर ते समाधान होईल का. ती म्हणाली, ‘नाही, ते तर गप्प बसणं झालं.’

‘पुरे’ हा आपल्या भाषेतला मोठा गुणी शब्द आहे. पंगतीत वाढणाऱ्याचा हात पुन्हा वळला की जेवणारा ताटावर हात आडवा धरून म्हणतो, ‘पुरे.’ तो पोट भरलेल्याने स्वतः म्हणायचा शब्द आहे. वाढणाराच तो म्हणू लागला तर तो अपमान होतो. मुलांना समाधान शिकवायचे म्हणजे हा हात केव्हा आडवा धरायचा ते शिकवायचे, आणि ज्याच्या ताटात अजून पडलेच नाही त्याच्याकडे वाढप्याचे लक्ष वेधायलाही शिकवायचे. दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत बसून शिकता येतात.

संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात समाधानासाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, तो स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. त्यांच्या लेखी तो कोणावाचून काही न अडणाऱ्या स्वयंपूर्ण माणसाचा गुण होता. पौल तो शब्द उचलतो, पण कोठे वापरतो पाहा : बंदिवासात असताना, एपफ्रदीताच्या हाती फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत पोचल्याची पोच देताना! मला कशाची गरज नाही, असा ताठा त्यात नाही. मदत मिळाली, आनंद झाला, तुम्ही माझ्या अडचणीत सहभागी झालात हे चांगले केले, असे तो मोकळेपणी लिहितो. आणि त्याच श्वासात, भरपूर असताना कसे राहावे आणि कमी असताना कसे राहावे हे आपण शिकलो आहोत, असे सांगतो. सेमिनरीत हे पत्र अभ्यासताना या ‘शिकलो’कडे माझे लक्ष गेले नव्हते, वर्ग घेऊ लागल्यावर गेले. समाधान हा काही जणांना जन्मतः लाभणारा स्वभाव असता तर पौलाला ते शिकावे लागले नसते. आणि जे शिकता येते ते शिकवताही येते, निदान तशी आशा धरता येते.

(आम्हां धर्मगुरूंना हा विषय बोलायला सोपा जातो हे कबूल केले पाहिजे. आमच्या डोक्यावरचे छप्पर धर्मग्रामाचे, आणि लग्नाला आलेल्या मुली आमच्या घरी नसतात. म्हणून प्रापंचिक शिक्षिकांनी हा पाठ घेतला तर तो अधिक खरा वाटतो असा माझा अनुभव आहे.)

बचतीविषयीही मुलांचा गोंधळ होतो. उद्याची चिंता करू नका असे डोंगरावरच्या प्रवचनात ऐकल्यावर एक मुलगा मला म्हणाला, ‘मग पप्पांनी बँकेत ठेवलेत ते पाप आहे का?’ अशा वेळी मान्नाची गोष्ट उपयोगी पडते. अरण्यात ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले. पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी दुप्पट गोळा केलेले मात्र टिकले. गरजेसाठी राखून ठेवणे निराळे आणि भयापोटी दडवून ठेवणे निराळे, हे मुलांना किड्यांमुळे चटकन पटते. आपल्याच भागातला दाखला हवा तर १९१८ मध्ये मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी पापडीला सहकारी पतसंस्थेचा जो पाया घातला, त्याकडे बोट दाखवावे. आजची बसीन कॅथॉलिक बँक त्यातूनच वाढली. एका धर्मगुरूने आपल्या माणसांच्या गाठीला राहिलेले चार पैसे एकत्र करून एकमेकांच्या अडीअडचणीला लावण्याची सोय केली, ही गोष्ट मुलांना प्रवचनापेक्षा जास्त सांगून जाते.

दान शिकवण्याची आपली जुनी पद्धत म्हणजे डबा. प्रायश्चित्तकाळात घरोघरी पुठ्ठ्याचे डबे जातात आणि ईस्टरच्या सुमारास भरून परत येतात. यामागे एक सुंदर इतिहास आहे. १८४३ मध्ये फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बिन-जानसों यांनी मुलांनीच मुलांना साहाय्य करावे अशी योजना मांडली. त्यापूर्वी लियोंच्या पोलीन जारिको हिने मिशनकार्यासाठी अगदी अल्प वर्गण्या गोळा करण्याचा मार्ग घालून दिला होता. बिशपांनी तिच्याशीही विचारविनिमय केला होता. त्यांनी मुलांकडे मागितले ते इतकेच : रोज एक नमो मरिया आणि महिन्याला एक सू. सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग. पुढे १९२२ मध्ये पोप पायस अकरावे यांनी या कार्याला परमधर्मपीठाच्या संस्थेचा दर्जा दिला. महिन्याला एक सू ही रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली होती. ती मुलाच्या स्वतःच्या हातातून यावी हा तिच्यातला अर्थ होता.

आज डबा परत येतो तेव्हा त्यात पाचशेच्या कोऱ्या, सारख्या घडीच्या नोटा असतात. शनिवारी रात्री आठवण झालेल्या वडिलांनी त्या घातलेल्या असतात, आणि मूल केवळ हमाल असते. देणगीची रक्कम वाढली याबद्दल मी तक्रार करत नाही, तिचा विनियोग चांगलाच होतो. पण मुलाला त्यातून काय मिळाले? शिवाय नाणे हीच गोष्ट मुलांच्या हातून सुटत चालली आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आता तर आई दुकानात फोन पुढे धरते, एक आवाज येतो आणि वस्तू मिळते. काही चर्चमध्ये दानपेटीवरही तो चौकोनी छाप लावलेला असतो. सोय आहे, वाईट काही नाही. पण लहान मुलाला त्यात काही कमी झालेले दिसत नाही. ढीग संपताना दिसत नाही.

बक्षिसांचा प्रश्न तर आमच्या शिक्षकांच्या सभेत दरवर्षी निघतो. हजेरीच्या कार्डावर शिक्का, ठरावीक शिक्के झाले की बक्षीस. एकदा एक मुलगा पाय मुरगळल्याने वर्गाला आला नाही, आणि पुढच्या रविवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या रविवारच्या शिक्क्यासाठी माझ्याकडे अर्ज घेऊन उभा राहिला. एक तरुण शिक्षक सभेत म्हणाले, ‘आपण देवळात दुकान मांडतो आहोत. हे बंद करू या.’ त्यावर आमच्या सर्वांत जुन्या शिक्षिका, ज्यांनी या मुलांच्या आईबापांनाही शिकवले आहे, शांतपणे म्हणाल्या, ‘सर, तुमचं खरं आहे. पण त्या बक्षिसाच्या वह्यांवर चार-पाच मुलांचं शाळेचं वर्ष निघतं. त्यांची नावं मी इथे घेणार नाही.’ सभा थोडा वेळ स्तब्ध झाली. शेवटी असे ठरले की शिक्के बंद करावेत, आणि जूनच्या पहिल्या रविवारी सर्वच मुलांना, गरीब-श्रीमंत न पाहता, सारख्या वह्या द्याव्यात. इमारतीतल्या काही पालकांना या साध्या वह्यांची अडचण वाटली. त्यांनी त्या ठेवल्या.

पहिल्या कम्युनियनच्या मेजवान्यांविषयी न लिहिलेलेच बरे. पोशाख आमच्याकडे चर्चतर्फे सर्वांना एकसारखा दिला जातो, तेवढे साधले आहे. पाकिटांचे आणि हॉलचे अजून साधलेले नाही. पाकिटे मोजता मोजता झोपी गेलेल्या मुलाविषयी त्याच्या मावशीने मला हसत सांगितले तेव्हा मीही हसलो, पण नंतर बराच वेळ तो प्रसंग मनातून गेला नाही.

सध्या सातवीच्या वर्गात एक पत्र्याचा डबा आहे. त्याचे नियम मुलांनीच ठरवले. दहा रुपयांहून अधिक कोणी टाकायचे नाही. आईवडिलांकडून मागून आणलेले टाकायचे नाही. एखादी पुडी, बसचे एखादे तिकीट, जे स्वतः सोडले त्याचेच टाकायचे. न टाकणाऱ्याला कोणी विचारायचे नाही. दर महिन्याला पाळीने दोघांनी मोजायचे, वहीत लिहायचे आणि वर्गात वाचून दाखवायचे. तीन सदनिकांच्या वारसाला पहिले दोन महिने हा नियम जड गेला, कारण त्याच्याजवळ सोडण्याजोगे स्वतःचे असे काही नव्हते. मागितले की मिळत असे. अखेर तो शाळेतून रिक्षाऐवजी चालत येऊ लागला. त्याच्या आईने मला फोन करून विचारले की हे चर्चने सांगितले आहे का. मी म्हटले, ‘नाही, त्याने ठरवले आहे.’

गेल्या वाटपाच्या वेळी एका मुलाने सुचवले की या वेळचे पैसे आपल्याच वर्गातल्या ‘ज्यांना गरज आहे’ त्यांना द्यावेत. त्याने नाव घेतले नाही, पण नजरा वळल्या. तेव्हा ती मुलगी, जिने संध्याकाळच्या जेवणाविषयी विचारले होते तिचीच धाकटी बहीण, उठून म्हणाली, ‘मी पण टाकलेत. चौदा रुपये. वहीत बघ.’ वही उघडली गेली. दोन, दोन, पाच, पाच अशा चार नोंदी तिच्या नावासमोर होत्या. सूचना मागे घेतली गेली.

डब्यात त्या दिवशी सहाशे बारा रुपये होते. वर्गाने सर्वानुमते पाचशे रुपये सरकारी रुग्णालयात नातेवाइकांना जेवण पोचवणाऱ्या आमच्या सांत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाला द्यायचे ठरवले. उरलेल्या एकशे बारा रुपयांचे काय करावे यावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो पुढच्या महिन्यासाठी ठेवावेत, दुसरा म्हणतो किडे पडतील. मतदान येत्या रविवारी आहे.